पगार २१,००० च्या वर गेला, ईएसआयचं काय?

ईएसआय म्हणजे महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्यांसाठीचा सरकारी विमा; त्याची वर्गणी पगारातून कापली जाते. पगारवाढ झाली की ईएसआय लगेच बंद होतं असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. वर्गणीचे दोन कालखंड असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार २१,००० च्या वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. आणि त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये उपचार मिळतात. म्हणजे जूनमध्ये पगार वाढला, तर संरक्षण पुढच्या जूनअखेरपर्यंत.

ही शेवटची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. एचआर आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. खासगी आरोग्य विमा पॉलिसी त्या तारखेच्या निदान दोन महिने आधी घ्या, कारण अपघात सोडता पहिले ३० दिवस क्लेम बहुधा चालत नाही. आधीपासून असलेल्या आजारांना तर ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

नोकरी बदललीत आणि ईएसआय चालूच राहणार असेल, तर नव्या कंपनीला जुनाच विमा क्रमांक द्या. नवा काढला तर आधीची वर्गणी जुन्या क्रमांकावरच राहते.