जुन्या अंकांतली विनोदी कथाचित्रं जपताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर घरं झाडायला काढली की माझा फोन वाजायला लागतो. "काका, आजोबांचे जुने अंक सापडलेत." आपल्या मराठवाड्यात हे अंक बहुतेक माळवदाखालच्या फळीवर नाहीतर कोठीच्या खोलीत पोत्यात असतात. वरून पावसाळ्यात माती गळते, खालून वाळवी चढते. एवढ्यातून वाचलेल्या ‘आवाज’, ‘मोहिनी’, ‘किर्लोस्कर’च्या पानांवर दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे या चित्रकारांच्या रेषा अजून ताज्या असतात. वाळवीच्या तोंडून सुटलेलं ते पान पुढं माणसाच्या हातून वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्लेड. चित्र कापून काढायचं आणि बाकीचा अंक रद्दीत घालायचा.

काही वर्षांपूर्वी बीडकडच्या एका तरुणानं मला बोलावलं. घरात जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे होते. मी पोचलो तोवर गठ्ठे गेलेले, आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या फाईलीत एकतीस चित्रं नीट लावून ठेवलेली. "काका, नुसती जागा खायलती. चित्रं तेवढी ठेवली." पोरगा मनानं चांगला, चित्रांवर जीवही होता. पण विनोदी कथेचं चित्र कथेशिवाय अर्धंच राहतं. त्यातलं एक मला आजही दिसतं. धोतर खोचलेला गृहस्थ पाटावर उभा, हात कोपरापर्यंत लोणच्याच्या बरणीत, बायको कंदील धरून, आणि दारात तीन शेजारी एकमेकांच्या खांद्यावरून डोकावतायत. खालच्या ओळीवरून ब्लेड फिरलेलं. उरलेत एवढेच शब्द : ‘तरी बरणी सुटेना’. हात बरणीत कशासाठी गेला, शेजारी कुणी बोलावले, हे कथेत होतं. ती कथा किलोच्या भावानं गेली.

मग आम्ही चित्रं उलटी करून पाहिली. बरणीच्या मागं केसाच्या तेलाची अर्धी जाहिरात होती, किंमत आण्यांत. नवे पैसे एप्रिल 1957 मध्ये आले, म्हणजे अंक त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. अशा खुणा धरून, दोन-तीन वाचनालयांतल्या धूळ बसलेल्या फाईली चाळून नऊ चित्रांच्या कथा लागल्या. बावीस तशीच राहिली, त्यांत बरणीही.

तुमच्याकडूनही असं कापणं आधीच झालं असेल तर चित्र कागदावर चिकटवू नका. पाठीमागचा मजकूरच अंकाचा पत्ता सांगतो. आणि कापलं नसेल तर कथा पूर्ण वाचल्याशिवाय चित्राला हात लावू नका. मी स्वतः आधी कथा वाचतो, चित्रातला प्रसंग कुठल्या परिच्छेदात आहे ते पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो, आणि मगच स्कॅनर उघडतो. यात वेळ जातो, पण अर्ध्या तासात चाळीस अंक ‘डिजिटल’ करून टाकणाऱ्यांचं काम मला पुन्हा करावं लागलंय.

‘आवाज’च्या खिडकीचित्रांत ही घाई लगेच उघडी पडते. पानाला झरोका कापलेला असतो, त्यातून मागच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि मनात भलतंच येतं. पान उलटलं की साधीच गोष्ट निघते. सगळी गंमत त्या उलटण्यात आहे. लोक पुढचं पान तेवढं स्कॅन करतात, किंवा झरोका म्हणजे फाटलेलं पान समजून मागून कागद डकवतात! तीन स्कॅन लागतात : खिडकीतून दिसणारं, पान उलटल्यावरचं, आणि मागं कोरा कागद सरकवून नुसतं पुढचं.

सेलोटेप नको. आज पारदर्शक दिसते, काही वर्षांत पिवळी, मग तपकिरी पडते. गोंद कागदात मुरतो आणि पट्टी निघून आली तरी डाग जात नाही. मी मैद्याची पातळ खळ आणि पातळ टिश्यू कागद वापरतो, तोही पानाच्या मागच्या बाजूनं, आणि वर वजन ठेवून रात्रभर वाळू देतो.

लॅमिनेशन तर अजिबातच नको. ते परत काढता येत नाही.

गंजलेल्या पिना ओढू नका. मागून टोकं सरळ करून अलगद काढा आणि दोऱ्यानं शिवा.

स्कॅन करताना दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली, मागची अक्षरं चित्रातून दिसतात. कागद पातळ असतो आणि स्कॅनरचं झाकण पांढरं, म्हणून हे होतं. पानामागं काळा कार्डपेपर ठेवला की अक्षरं बरीचशी दबतात. दुसरी, राखाडी छटांच्या चित्रावर जाळीदार लाटा उमटतात. हाफटोन ब्लॉकचे, म्हणजे छटा ठिपक्यांत छापणाऱ्या ठशाचे, ठिपके आणि स्कॅनरची जाळी यांचा मेळ बसत नाही, त्याच्या त्या लाटा. 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) घ्या, मग आकार कमी करा. रेषाचित्रालाही ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड नको, ग्रेस्केल (राखाडी छटांचा) ठेवा, नाहीतर सरवट्यांची बारीक रेष मधेच तुटते.

सही नसलेलं प्रत्येक देखणं चित्र दलालांचं, हाही एक गैरसमज पसरलाय. दलाल जानेवारी 1971 मध्ये गेले. 1975 च्या नव्या कथेवरचं चित्र त्यांच्या नावावर टाकताना एवढं तरी बघा. खात्री नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ लिहा.

जुनं म्हणजे फुकट, असंही नाही. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, म्हणजे दलालांच्या चित्रांवर 2031 अखेरपर्यंत. घरी जपायला स्कॅन करा, पण टी-शर्टवर छापून विकू नका.

आणि फाईलला ‘स्कॅन 0043’ असं नाव ठेवून झोपू नका. अंक, साल, पान, कथा, चित्रकार, एवढं त्याच दिवशी लिहा. बरणीच्या चित्राची माझ्याकडची फाईल आजही ‘अंक अज्ञात, 1957 च्या सुमारास, तेलाची जाहिरात मागे’ या नावानं आहे. कुणाच्या पोत्यात ती कथा निघाली तर पान न कापता मला कळवा.