३८६ क्लोनचं सेटअप डिलीटने उघडेना, त्यावरचा उपाय

लक्षण: ३८६ प्रोसेसरचा जुना आयबीएमसारखा पीसी चालू केला की मेमरी मोजून होते, मग ‘सीमॉस चेकसम एरर’ (सीमॉस म्हणजे बॅटरीवर सेटिंग जपणारी मेमरी). तारीख १९८० ची, हार्ड डिस्क गायब. सेटअप, म्हणजे ही सेटिंग भरायचा पडदा, उघडायला डिलीट, एफ२, एफ१० दाबून झालं, कीबोर्डही बदलला. दोन संध्याकाळी फुकट.

गोम बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती. तो कोणत्या कंपनीचा, त्यावर कळा ठरतात. एएमआयला डिलीट चालतं. जुन्या अवॉर्डला कंट्रोल+ऑल्ट+एस्केप लागतं, तर जुन्या फिनिक्सला बरेचदा कंट्रोल+ऑल्ट+एस. बायॉसचं नाव पडद्यावर सुरुवातीलाच येतं, तेवढं वाचा. माझं अवॉर्ड.

मशीन बंद करून कीबोर्डच्या पोटाखालचा एक्सटी/एटी स्विच असेल तर एटीवर घ्या. मशीन चालू करा आणि मेमरी मोजणी सुरू असतानाच तिन्ही कळा एकदम दाबा. तारीख आणि फ्लॉपी ड्राइव्हचा प्रकार भरा. हार्ड डिस्कला टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा प्रकार) देऊन सिलिंडर, हेड, सेक्टर डिस्कवरच्या लेबलवरून टाका. मग सेव्ह.

पण बॅटरी मेलेली असेल तर बंद केल्यावर सगळं पुन्हा पुसतं. बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकॅड (चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी) गळते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या रेषा आणखी लवकर हिरव्या पडतात. ती काढा, डाग व्हिनेगरच्या बोळ्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. जागी सीआर२०३२ (नाण्यासारखी बटन बॅटरी) लावलीत तर मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच. तिला चार्जिंग सोसत नाही.