लॅपटॉप चालू होत नाही? आधी दिवे बघा, मग चार्जर मोजा

‘लॅपटॉप चालूच होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड असतात. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, याला दुकानात ‘डेड’ म्हणतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी, हा ‘नो डिस्प्ले’. आणि तिसऱ्या प्रकारात लॅपटॉप सुरू होऊन दोन-चार सेकंदांत बंद पडतो. तिन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी खोलीत अंधार करा, चार्जर लावा, बटण एकदाच दाबा आणि कान कीबोर्डजवळ न्या. चार्जिंगचा दिवा लागला का? पंखा एक झटका घेऊन थांबला का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? कॅप्स लॉक प्रतिसाद देत असेल तर लॅपटॉप जिवंत आहे, दुखणं बहुतेक स्क्रीनचं आहे. जे दिसलं ते कागदावर लिहा. पुढचं सगळं यावर ठरतं.

दोन परिस्थितींत मात्र चार्जर लावायचाच नाही. टचपॅड वर उचललेला दिसतो, खालचं झाकण फुगलंय, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डगमगतो, असं असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. ती बदलावीच लागते, आणि जुनी बॅटरी घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. दुसरी परिस्थिती म्हणजे पाणी किंवा चहा सांडलेला असणं. ओल्या बोर्डला वीज मिळत राहिली की तांबं झपाट्याने गंजतं. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, उलटा ठेवा आणि परत चालू करून बघण्याचा मोह टाळा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. चहातली साखर आणि दूध बोर्डवर तसंच चिकटून बसतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच धुवावं लागतं. बॅटरी आतून जोडलेलीच असते, त्यामुळे ‘दोन दिवस वाळू दे’ म्हणणं म्हणजे दोन दिवस गंजू देणं. त्याच दिवशी दुकान गाठा.

चार्जर

पूर्ण डेड लॅपटॉपमध्ये पहिला संशय चार्जरवर घ्या, कारण तपासायला सगळ्यात सोपा तोच आहे. एक्स्टेन्शन बोर्ड सोडा, भिंतीच्या सॉकेटला थेट लावा, आणि त्याच सॉकेटला मोबाईल लावून वीज येते याची खात्री करा. चार्जरच्या डब्यात जाणारी तीन भोकांची वायर वेगळी निघते. ती डब्यात नीट घट्ट बसली आहे का बघा, घरात तशी दुसरी असेल तर बदलून बघा. पुष्कळदा डबा धडधाकट असतो आणि ही वायर आतून तुटलेली असते.

चार्जरवर दिवा असेल तर एक फार उपयोगी परीक्षा आहे. पिन लॅपटॉपला न लावता चार्जर चालू करा. दिवा लागला? आता पिन लॅपटॉपमध्ये घाला. घालताक्षणी दिवा विझला किंवा लुकलुकायला लागला, तर बहुतेक वेळा लॅपटॉपच्या बोर्डवर शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. चार्जर मिनिटभर भिंतीतून काढून ठेवला की तो परत सावरतो. हीच परीक्षा दुसऱ्या योग्य चार्जरने एकदा करा. त्याचाही दिवा विझला तर शॉर्ट नक्की समजा आणि थांबा. पुन्हा पुन्हा लावून बघण्याने शॉर्ट जात नाही, नुकसान वाढतं.

दिवा लागतो म्हणजे चार्जर चांगला, असंही नाही. मोजलं की कळतं. साधा पिवळा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. चार्जरच्या लेबलवर ‘आउटपुट’ समोर व्होल्ट लिहिलेले असतात: एसर, एसूसचे बहुतेक १९, डेल आणि एचपीचे १९.५, लेनोवोचे २०. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर पिनच्या बाहेरच्या धातूला आणि लाल वायर आतल्या भिंतीला लावा. इथे एक फसगत होते. स्वस्त मीटरच्या २० च्या रेंजवर १९.९९ पर्यंतच आकडा दिसतो. लेनोवोचा चार्जर २०.१ व्होल्ट देत असला की मीटर डावीकडे नुसता १ दाखवतो आणि चार्जर खराब म्हणून लोक नवा घेऊन येतात. अशा वेळी रेंज २०० वर न्या. आकडा लेबलपासून अर्ध्या व्होल्टच्या आत असावा, आणि वायर डब्याजवळ व पिनजवळ हलवली तरी तो थिरकू नये. थिरकला तर वायर तिथेच आत तुटली आहे.

डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये, तसंच लेनोवोच्या चौकोनी पिनमध्ये मधोमध एक बारीक काडी असते. तिच्यातून वीज येत नाही, ती फक्त हा चार्जर किती वॉटचा आहे ते लॅपटॉपला सांगते. मीटरची लाल सुई एकाच वेळी काडीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, ओळख सांगणारी चिप जळू शकते. सुई जाड असेल तर मोजू नका, दुसरा चार्जर आणून बघा. ही काडी वाकली किंवा तुटली की चार्जर १९.५ व्होल्ट देत असूनही बॅटरी चार्ज होत नाही, लॅपटॉप रखडत चालतो, आणि बॅटरी पूर्ण उतरली की हट्टाने बंद राहतो.

शेजाऱ्याचा चार्जर लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. तिथे ९० वॉटचा चालतो, कारण लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो. ४५ वॉटचा मात्र उतरलेल्या बॅटरीवर कदाचित उचलणारच नाही.

टाइप-सी चार्जर असा मोजता येत नाही. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो व्होल्टेज सोडतच नाही, त्यामुळे मीटरवर शून्य दिसलं म्हणून तो खराब ठरत नाही. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात, मोबाईलचा साधा चार्जर ५ किंवा ९ वर थांबतो. प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो असंही नाही, शेजारचा दुसरा पोर्ट आणि वेगळी केबल लावून बघा.

बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर चार्जर लावल्या लावल्या बटण दाबत बसू नका. अर्धा तास लावून ठेवा, मग दाबा.

साठलेली वीज काढून टाकणे

बंद दिसणारा लॅपटॉप पूर्ण बंद नसतो. बटण, झाकण, चार्जिंग यांवर लक्ष ठेवणारी एक छोटी कंट्रोलर चिप सतत ३.३ व्होल्टवर जागी असते. लाईट जा-ये करते तेव्हा किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये असताना बॅटरी संपते तेव्हा ती अडकू शकते, मग तुम्ही बटण दाबलेलं तिला कळतच नाही. उपाय फुकट आहे. चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माऊस, एचडीएमआय, मेमरी कार्ड सगळं काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मोबाईलवर वेळ लावा, कारण अंदाजाने धरलेले ३० सेकंद बहुतेक १२ असतात. सोडा, फक्त चार्जर जोडा आणि बटण एकदा दाबा.

लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपच्या तळाला याच कामासाठी एक बारीक भोक असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबायची आणि मिनिटभराने चार्जर लावायचा. लेनोवोच्याच आयडियापॅड लॅपटॉपला बाजूला असतं ते भोक वेगळं, त्याला नोवो बटण म्हणतात. ते दाबल्यावर लॅपटॉप सुरू होऊन मेनू दिसला, तर बोर्ड ठीक आहे आणि मुख्य पॉवर बटण किंवा त्याची पट्टी खराब आहे. हे काम थोडक्यात भागतं.

आणखी एक सहज सुटणारी गोष्ट म्हणजे चुंबक. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉप चुंबकानेच ओळखतो. तो दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलेला असेल, किंवा हाताखाली चुंबकी कडी असलेलं मोबाईलचं कव्हर असेल, तर त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन काळीच राहते.

रॅम

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, किंवा चालू होऊन लगेच बंद, अशा वेळी रॅम, म्हणजे लॅपटॉपच्या कामचलाऊ मेमरीची सुटी पट्टी, काढून बसवणं हा सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारा घरगुती उपाय आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि गोव्यात, दमट हवेने संपर्काच्या पट्ट्यांवर थर बसतो. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, कंपनीकडे द्या. बारीक मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच डाग दिलेली असते, तिथेही हा भाग सोडून द्या.

स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपच्या तळाची चौकट काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावा. त्यांची लांबी वेगळी असते, लांब स्क्रू छोट्या जागी पिळला तर वरचं प्लास्टिक किंवा बोर्ड फुटतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू राहिले नाहीत ना बघा, मगच झाकण उचला. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. काही वर उचलले जातात, काही बोर्डला समांतर सरकतात, वायरला धरून ओढू नका. आतल्या धातूच्या पट्टीला एकदा बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की ती तिरपी उठते. काठाला धरून बाहेर काढा. सोनेरी पट्ट्यांवरून पेन्सिलचा पांढरा खोडरबर आतून बाहेरच्या दिशेने चार-पाचदा फिरवा. शाई खोडायचा खरखरीत भाग वापरू नका, तो सोन्याचा मुलामा खरवडतो. रबराचे कण मऊ ब्रशने पूर्ण झाडा, एक जरी कण स्लॉटमध्ये राहिला तरी तेच दुखणं परत येईल. बसवताना खाच जुळवा, साधारण ३० अंशांत तिरपी ठेवून सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही चिमट्यांचा ‘कट’ आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये.

बॅटरी परत जोडून चालू केल्यावर घाई करू नका. नवे लॅपटॉप, विशेषतः डीडीआर५ रॅमचे, पहिल्यांदा मेमरी तपासून घेतात. दोन-तीन मिनिटं काळी स्क्रीन राहते, कधी लॅपटॉप आपोआप एकदा बंद होऊन सुरू होतो. इथे घाबरून बटण दाबणाऱ्यांचा दुरुस्त झालेला लॅपटॉप परत ‘बिघडतो’.

दिव्यांची भाषा

लुकलुकणारा दिवा मोजा. डेलच्या नव्या लॅपटॉपमध्ये नारिंगी आणि पांढरा दिवा ठरावीक वेळा लागतो: २ नारिंगी, ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, २ आणि ४ म्हणजे रॅम खराब, २ आणि १ म्हणजे प्रोसेसर, २ आणि ७ म्हणजे स्क्रीन. एचपीमध्ये ३ लांब आणि २ छोटे असतील तर रॅमवरच बघा. एचपीमध्ये बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, बिघडल्यास विंडोज आणि बी ही दोन बटणं धरून पॉवर बटण २-३ सेकंद दाबायचं, पॉवर सोडायचं आणि बाकी दोन धरून ठेवायची. बऱ्याच मॉडेलमध्ये यातून बायॉस स्वतःला पूर्ववत करतो.

स्क्रीनचाच संशय असेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा. चित्र आलं तर बोर्ड ठीक. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय.

दुकानात जाताना

इतकं करूनही डेड असेल तर काम चिप-लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग बदलण्याचं आहे, घरी करू नका. ‘मदरबोर्ड गेला’ एवढ्यावर होकार देऊ नका. कोणत्या लाइनवर शॉर्ट आहे, कोणता भाग बदलणार, विचारा. चार्जरच्या लाइनवरचा एखादा कपॅसिटर किंवा मॉसफेट गेलेला असतो तेव्हा पूर्ण बोर्ड बदलावा लागत नाही. चार्जिंगचा जॅक सैल असेल तर तो वायरचा आहे की बोर्डला डाग दिलेला, तेही विचारा. वायरचा असेल तर काम सोपं आणि स्वस्त. बदललेला भाग परत मागा आणि पावतीवर लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घ्या.

डेटासाठी जीव टांगणीला लावू नका. बोर्ड मेला तरी एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारी ड्राइव्ह, बहुतेक शाबूत असते. सुटी निघणारी एसएसडी देण्याआधी काढून घेता येते आणि एनव्हीएमई किंवा साटा, जी असेल त्या प्रकारच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर उघडता येते. फक्त बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, बोर्ड बदलल्यावरही मागितली जाते. ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुकानात सोडण्याआधी मोबाईलवरून त्या खात्यात शिरून ती की कागदावर उतरवून घ्या.