सकाळच्या घाईसाठी रविवारीच करून ठेवायची अंडी

हिंजवडीची सातची बस गाठायची असेल तर सकाळी स्वयंपाकघरात जेमतेम पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात अंडं गरम करून होतं, पण कांदा चिरायला बसलात तर बस गेलीच. रविवारी संध्याकाळी पाऊण तास काढला की गुरुवारपर्यंतची सोय होते.

सगळ्यात भरवशाची म्हणजे इडलीपात्रातली अंडी. ६ अंडी, पाव कप दूध, अर्धा चमचा मीठ, एक मध्यम कांदा, अर्धी ढोबळी मिरची, मूठभर पालक, दोन हिरव्या मिरच्या. भाज्या बारीक चिरून चमचाभर तेलात पाणी पूर्ण आटेपर्यंत परता आणि गार करा. ही पायरी गाळली तर दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी पाणी साचतं. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून घाला. भाजी गरम असतानाच अंड्यात पडली तर गुठळ्या होतात.

अंडी काट्याने फेटा, पण फेस आणू नका. फेसाळलेलं मिश्रण वाफेवर टम्म फुगतं आणि बाहेर काढताच खाली बसतं. भोकं नसलेल्या ताटल्यांना तेल लावून साचे पाऊणच भरा, १० ते १२ होतात. झाकणाला आतून फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर पडणार नाहीत. फडक्याची टोकं मात्र वर बांधा, आचेपाशी लोंबू देऊ नका. मध्यम ते मंद आचेवर १० ते १२ मिनिटं. आच मोठी ठेवली तर अंडं आक्रसतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं होतं.

अर्धा तास उघड्यावर गार करून घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि एप्रिल-मेमध्ये तर तासाभराच्या आत. ३ ते ४ दिवस टिकतात. सकाळी तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा, आतपर्यंत चटका बसेल इतकी तापू द्या. पावात किंवा पोळीत हिरव्या चटणीबरोबर गुंडाळली की डब्यालाही चालतात.

उकडलेली अंडी सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात, म्हणून इडलीपात्रातली आधी संपवा आणि ही शुक्रवारसाठी ठेवा. उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत १२ मिनिटं वाफवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. जास्त शिजलं तर पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून बलकाभोवती हिरवट कडं येतं. अपाय नाही, पण वास उग्र होतो. अगदी ताज्या अंड्याचं साल पांढऱ्याला चिकटून निघतं. आणलेली अंडी पाच-सहा दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग उकडा. अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये कधीच तापवू नका, ते फुटून गरम बलक अंगावर उडतो.

भुर्जी आधी करून ठेवू नका. फ्रिजमधून काढलेली भुर्जी कोरडी, दाणेदार लागते. तिचा मसाला मात्र खुशाल करून ठेवा: ३ कांदे, ३ टोमॅटो, आलं-लसूण, हळद, तिखट, तेल सुटेपर्यंत परतलेलं. तीन दिवस चालतो. सकाळी दोन अंड्यांना तीन मोठे चमचे मसाला कढईत तापवायचा, अंडी फोडायची, तीन मिनिटांत भुर्जी ताटात.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर शिजवलेली अंडी टाकून द्या.