अडकलेला ब्राउझर टर्मिनलवरून सोडवला

भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होते आणि ब्राउझर गोठला. खिडकी बंद करून पुन्हा उघडायला गेले, तर ‘ब्राउझर आधीच चालू आहे’ एवढाच संदेश.

लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ‘पीग्रेप’ला ब्राउझरचं पूर्ण नाव दिलं. ही कमांड चालू प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, नावाने शोधते. काहीच सापडेना, अर्धा तास त्यातच गेला. कारण असं की लिनक्स प्रोसेसच्या नावाची पहिली 15 अक्षरंच ठेवतं आणि मी दिलेलं नाव त्याहून लांब होतं. ‘वजा एफ’ जोडलं की पूर्ण कमांड तपासली जाते. तसं केल्यावर लगेच 11 प्रोसेसचे क्रमांक उमटले! हल्लीचे ब्राउझर वेगवेगळ्या साइटना वेगवेगळी प्रोसेस देतात, म्हणून एवढे. एकेक मारत बसण्यापेक्षा मूळ प्रोसेस गाठायची. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’मध्ये पीपीआयडीचा, म्हणजे पालक प्रोसेसच्या क्रमांकाचा, रकाना पाहिला, बहुतेकांची पालक प्रोसेस एकच होती: 4182.

‘किल 4182’ दिलं. याने 15 नंबरचा सिग्नल जातो, म्हणजे आवरून बाहेर पडण्याची विनंती. 10 सेकंद वाट पाहिली, ढिम्म. मग नाइलाजाने ‘किल वजा 9’. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, पण तिला काही जतनही करता येत नाही. म्हणून थेट 9 वापरणं मला मुळीच पटत नाही.

बाकीच्या प्रोसेसही मागोमाग गेल्या. टॅब परत आले, अर्ज मात्र पहिल्यापासून भरला.