वेबसाइट उघडते, पण चालते का? देखभालीतील या चुका टाळा

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातील अनेक आंबा बागायतदार आता पेट्यांची मागणी स्वतःच्या वेबसाइटवर नोंदवून घेतात. अशा साइटचे खरे काम मार्च ते मे एवढेच असते आणि उरलेले नऊ महिने मालक तिच्याकडे फिरकतही नाहीत. मात्र त्याच काळात होस्टिंग कंपनी, म्हणजे साइटला जागा देणारी कंपनी, सर्व्हरवरील पीएचपीची (साइट ज्या भाषेवर चालते तिची) आवृत्ती बदलते, प्लगिनमधील, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधील, दोष जगजाहीर होतात, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते आणि ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेची जोडणी जुनी होते. साइटला कोणी हात लावला नाही म्हणजे ती जशीच्या तशी असणार, हा समज त्यामुळेच महागात पडतो. हंगामी धंद्यात तो पहिल्या ऑर्डरलाच उघडा पडतो. वर्षभर चालणाऱ्या दुकानाच्या, क्लासच्या किंवा दवाखान्याच्या साइटवर तो अनेक महिने झाकलेला राहतो आणि म्हणून अधिक नुकसान करतो.

मुदतीच्या तारखा कोणाच्याच वहीत नसणे

डॉट कॉम डोमेनची, म्हणजे साइटच्या नोंदणीकृत नावाची, मुदत संपली की ते लगेच हातचे जात नाही. नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५ दिवस, नूतनीकरण करता येते. पुढच्या ३० दिवसांत ते सोडवून घ्यायचे तर बरेच जादा शुल्क मोजावे लागते आणि त्यानंतरचे ५ दिवस उलटले की कोणीही ते विकत घेऊ शकतो. साइट बंद पडणे हे यातले लहान नुकसान होय. त्या डोमेनवरचे ईमेलही थांबतात, आणि डोमेन परक्याच्या हाती गेले तर बँकेकडे किंवा जीएसटी पोर्टलवर नोंदवलेल्या त्या पत्त्यावरची पत्रे व ओटीपी त्याला मिळू शकतात. ही चूक केवळ लहान व्यावसायिकांचीच होते असेही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण राहून गेले, तिच्याच हॉटमेल या ईमेल सेवेचे लॉगइन त्या डोमेनवरून होत असल्याने अनेक वापरकर्त्यांना लॉगइन होईना, आणि अखेर कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःचे ३५ डॉलर भरून ते नूतनीकरण केले.

एसएसएल प्रमाणपत्राबाबत, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या प्रमाणपत्राबाबत, तर तारीख लक्षात ठेवण्याची पद्धतच आता टिकणारी नाही. नव्या नियमांनुसार या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस ठरली आहे. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्यापूर्वी स्मरणपत्र पाठवणेही जून २०२५ मध्ये बंद केले. नूतनीकरण आपोआप व्हावे हे खरेच, परंतु ते झाले की नाही हे पाहणारी वेगळी व्यवस्थाही हवी.

ब्राउझरने साइट सुरक्षित नसल्याचा इशारा दिला, तर आधी ती दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी, कारण फोनमधील तारीख चुकीची असली तरी हाच इशारा दिसतो. दोन्हीकडे तो दिसल्यास प्रमाणपत्राची अंतिम तारीख तपासावी. आपोआप होणारे नूतनीकरण अडण्यामागे बहुधा दोन कारणे निघतात. एक तर डोमेनचे डीएनएस (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे याच्या नोंदी) दुसरीकडे हलवलेले असते आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह असलेला पत्ता जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असतो, किंवा एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवणारा एखादा रिडायरेक्ट नियम प्रमाणपत्र देणाऱ्याची पडताळणीची विनंती मध्येच अडवतो.

अपडेट अजिबात न करणे, किंवा एकदम सगळे करणे

लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीचे उदाहरण येथे अपडेट आणि प्रमाणपत्र अशा दोन्ही अंगांनी बोलके आहे. अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरमधील दोषावरचा उपाय मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाला होता, पण कंपनीच्या एका पोर्टलवर तो बसवला गेला नाही आणि मे महिन्यापासून त्याच वाटेने सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. चोरी इतके दिवस लक्षात न येण्याचे कारण असे की नेटवर्कवरील रहदारी तपासणाऱ्या यंत्रणेतील प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. जुलैअखेर ते बदलले, तेव्हा संशयास्पद हालचाल दिसू लागली.

याच्या उलट चूक म्हणजे वर्षभर साचलेली सगळी अपडेट्स चालू साइटवर एका बैठकीत उरकणे. एखादे बटण बिनसले तर ते नेमके कोणत्या बदलामुळे, हे मग कळत नाही. आधी बॅकअप, नंतर साइटच्या चाचणी प्रतीवर अपडेट, आणि मगच मूळ साइटवर एकेक करून, हा क्रम सोडू नये. पीएचपी ७.४ ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबली, तरीही जुन्या थीमखातर, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याखातर, त्याच आवृत्तीवर अडकलेल्या साइट आढळतात. तेथे पीएचपी थेट बदलण्याऐवजी आधी थीम बदलणे शहाणपणाचे ठरते.

अपडेटनंतर पांढरा पडदा दिसला तर घाबरून वर्डप्रेस (अशा अनेक साइट ज्यावर बांधलेल्या असतात ते सॉफ्टवेअर) नव्याने टाकू नये. २०१९ मधील ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी दुरुस्तीसाठी लॉगइनची लिंक प्रशासकाच्या ईमेलवर पाठवते. दुर्दैव असे की तो ईमेल पुष्कळदा वर्षांपूर्वी साइट बांधून निघून गेलेल्या डेव्हलपरचाच असतो. लिंक मिळत नसल्यास होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन, शेवटी अपडेट केलेल्या प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदलावे. प्लगिन निष्क्रिय होते आणि दोष त्यातच असेल तर साइट उघडते. इतके करूनही काही फरक पडला नाही, तर होस्टिंगवरील जागा संपली आहे का ते पाहावे. जुन्या बॅकअपच्या झिप फाइल आणि तुडुंब भरलेल्या मेलबॉक्सनी डिस्क व्यापली, की डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही.

बॅकअप असल्याच्या विश्वासावर राहणे

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, आणि साइट व बॅकअप एकाच आवारात ठेवणाऱ्या ग्राहकांपैकी काहींचे दोन्ही गेले. त्याहून मला अधिक शिकवणारी वाटते ती ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रामरांचे कोड साठवणाऱ्या सेवेची, घटना. डेटाबेस चुकून पुसला गेल्यावर बॅकअप शोधू लागले, तेव्हा रोजची प्रत निघतच नसल्याचे उघड झाले, कारण प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हते. प्रत निघत नसल्याचे कळवणारे ईमेलही स्वीकारले जात नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, आणि तोही एका अभियंत्याने योगायोगाने आधी घेतलेली प्रत हाताशी होती म्हणून तेवढ्यावरच निभावले. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या जागी उतरवून साइट प्रत्यक्ष उभी करून पाहिल्याखेरीज तो बॅकअप जमेस धरू नये.

फॉर्म भरून न पाहणे

न पोहोचणारे ईमेल हा छोट्या व्यवसायांच्या साइटवरील सर्वांत नुकसानकारक दोष आहे, असे माझे मत आहे. ग्राहकाला ‘आपला संदेश मिळाला’ असे दिसते, मालकाला काहीच मिळत नाही, आणि दोघेही एकमेकांना दोष देत गप्प बसतात. बऱ्याचदा फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रेषक म्हणून ग्राहकाचाच पत्ता घातलेला असतो. पत्र पाठवतो आपला सर्व्हर आणि पाठवणाऱ्याचे नाव मात्र दुसऱ्याचे, म्हणून मेल सेवा त्याला बनावट समजते. प्रेषकाच्या जागी आपल्याच डोमेनवरचा पत्ता ठेवावा आणि ग्राहकाचा पत्ता उत्तरासाठीच्या रकान्यात घालावा. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रेषकांवरील अटी कडक केल्या आहेत, तेव्हा डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदीही (पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या) तपासाव्यात व पत्रे एसएमटीपीद्वारे, म्हणजे खऱ्या मेल खात्यातून लॉगइन करून, पाठवावीत. दर सोमवारी स्वतः फॉर्म भरून पाहायला दोन मिनिटे लागतात. त्याच बैठकीत एखादी छोटी ऑर्डर टाकून पेमेंटपर्यंत जाऊन यावे.

फक्त मुखपृष्ठ पाहून निश्चिंत होणे

काही हल्ले मालकाला दिसतच नाहीत. मुखपृष्ठ ठाकठीक असते, पण गुगलच्या शोधात त्याच साइटच्या नावाखाली जपानी अक्षरांतील बनावट मालाची शेकडो पाने उगवलेली असतात. साइटमालकांसाठी असलेल्या गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनातील सुरक्षाविषयक सूचना पाहण्याची सवय असेल तर हे वेळेत समजते. फुकट मिळालेल्या चोरीच्या थीममधून अशी घुसखोरी होणे ही नेहमीची बाब आहे. केवळ बॅकअप परत टाकल्याने प्रश्न सुटत नाही, कारण ज्या वाटेने हल्लेखोर आला ती उघडीच राहते. अनोळखी प्रशासक खाती काढावीत, सर्व पासवर्ड बदलावेत आणि सर्च कन्सोलमध्ये कोणी स्वतःला मालक म्हणून जोडून घेतले आहे का तेही पाहावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार साइटमधील घुसखोरीची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवायची असते, ही गोष्ट फारच थोड्या कंपन्यांना ठाऊक असते.

किल्ल्या दुसऱ्याकडे ठेवणे

डोमेन डेव्हलपरच्या नावावर आणि होस्टिंग त्याच्या कार्डावर, अशी स्थिती असेल तर वरील कोणताच उपाय मालकाला स्वतः करता येत नाही. डोमेनची नोंदणी व्यवसायाच्या नावे आणि वेगळ्याच डोमेनवरील ईमेलने करावी, म्हणजे मुदत संपल्याची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावर जाणार नाही. वार्षिक देखभालीचा करार करताना ‘साइटची काळजी घेणे’ असे मोघम न लिहिता, बॅकअपची चाचणी कधी होणार, अपडेट कोणत्या दिवशी होणार आणि साइट बंद पडल्यास किती तासांत फोन उचलला जाणार, हे कलमवार लिहून घ्यावे. डेव्हलपर बदलायचा असल्यास डोमेन व डीएनएस सर्वांत आधी आपल्या ताब्यात घ्यावे, मग साइटची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी, आणि जुन्या माणसाची खाती त्यानंतरच बंद करावीत.