ताट एकदम येत नाही : पुण्यातील उंची इटालियन रेस्तराँमध्ये जेवताना

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर किंवा बाणेर-बालेवाडीकडच्या एखाद्या उंची इटालियन रेस्तराँमध्ये प्रथमच जाणाऱ्या मराठी कुटुंबाची खरी अडचण काट्या-चमच्यांची नसते, क्रमाची असते. घरी आपल्याला चटणी-कोशिंबिरीपासून गोडापर्यंत सारे एका ताटात पाहण्याची सवय असते, त्यामुळे मेनूकार्ड हाती येताच सगळे पदार्थ एका दमात सांगितले जातात आणि मग सूप, पिझ्झा, पास्ता एकाच वेळी टेबलावर येऊन निम्मे निवते. वास्तविक जुन्या पंगतीलाही क्रम होताच : आधी तूप-लिंबासह वरणभात, मग पोळी किंवा पुरी, मग मसालेभात आणि शेवटी ताकभात. इटालियन जेवण त्याच चालीने वाचावे. अँटिपास्ती म्हणजे सुरुवातीचे थोडके चटकदार पदार्थ, प्रीमो म्हणजे पास्ता, रिझोतो (रश्श्यात शिजवलेला ओलसर भात) किंवा न्योक्की (बटाट्याचे छोटे मऊ गोळे), सेकोंदो म्हणजे मासे वा मांसाचा मुख्य पदार्थ, त्यासोबत वेगळी मागवायची भाजी म्हणजे कोंतोर्नो, आणि शेवटी गोड, म्हणजे दोल्चे.

हे सारे टप्पे घेतलेच पाहिजेत असे मुळीच नाही. चौघांसाठी दोन अँटिपास्ती, दोन प्रकारचे पास्ता किंवा एक पास्ता आणि एक रिझोतो, एक पिझ्झा, आणि पोटात जागा उरल्यास दोन गोड पदार्थ एवढे पुरते. वाटून खाणार असल्याचे ऑर्डर देतानाच सांगावे आणि पदार्थ एकामागून एक आणण्यास सुचवावे. शनिवार-रविवारी टेबल आधी राखून ठेवावे, आणि तेव्हाच वाढदिवस, लहान मूल किंवा जिने न चढू शकणारे आजोबा यांची कल्पना द्यावी. पोशाख नीटनेटका असला की पुरे. पाणी विचारले जाते तेव्हा बाटलीचेच घेण्याची सक्ती नसते. साधे पाणी मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र मेनूकार्डावरील हिरव्या खुणेवर न थांबता चार प्रश्न विचारावेत, कारण इटालियन स्वयंपाकात सामिष घटक अनपेक्षित ठिकाणी दडलेले असतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध साकळवून केले जाते आणि किमान १२ महिने मुरवले जाते. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोसाठी कोकराच्या जठरातील रेनेट वापरतात. अशी चीजे पेस्तोत (बेझिलच्या पानांच्या चटणीत) असतात, रिझोतोत असतात आणि पास्त्यावर किसूनही घातली जातात. भारतात तयार होणारे बरेचसे चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते, म्हणून ‘चीज कोणते वापरता?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. रिझोतो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही हा छोटा खारवलेला मासा असतो, ताज्या ताल्यातेल्लेच्या (फितीसारख्या पास्त्याच्या) पिठात अंडे असते (वाळवलेली स्पॅगेटी बहुधा केवळ रवा आणि पाण्याची असते), तिरामिसू या कॉफीच्या स्वादाच्या गोड पदार्थात पारंपरिक रीतीने कच्चे अंडे असते आणि पन्ना कोत्ता हा क्रीमचा गोड पदार्थ जिलेटिनने, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळणाऱ्या घटकाने, घट्ट केलेला असतो. चतुर्थीच्या दिवशी टेबल राखून ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता रिझोतो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याच वाट्याला येतात. एकदा आमच्या काकांनी समोर आलेला रिझोतो चमच्याने दाबून पाहिला आणि ‘अहो, भातात कणी राहिली आहे, जरा वाफ द्या’ असे सांगून तो परत पाठवला. स्वयंपाकघराने आज्ञा पाळली. दहा मिनिटांनी आला तो गुरगुट्या भात, आणि त्याविषयीही तक्रार काकांचीच होती. आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीच्या जाडसर तांदळात गरम रस्सा थोडाथोडा घालत, ढवळत रिझोतो शिजवतात; तांदळाचा स्टार्च सुटून भोवती दाट ओलावा तयार होतो, पण दाण्याच्या मध्ये किंचित कणी राहू देतात. आपल्या भाषेत सांगायचे तर तो बाहेरून आसट आणि आतून दाताला लागणारा भात आहे. बशी तिरकी केली असता तो सावकाश पसरला पाहिजे. मुदीसारखा उभा राहिला तर जमलेला नाही असे समजावे. त्याला अठरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून मागवल्यावर घाई करू नये, आणि आला की कडेकडेने खाण्यास सुरुवात करावी, कारण कडा आधी निवतात. पास्त्यातही हाच कणीचा न्याय आहे आणि त्यालाच ‘अल देंते’ म्हणतात.

स्पॅगेटी सुरीने कापू नये. काट्याच्या टोकात तीन-चारच शेवया धराव्यात, काटा बशीच्या कडेला टेकवावा आणि जागच्या जागी फिरवावा; घास लहान होतो आणि शर्ट वाचतो. मोठा घास गुंडाळला गेला तर सोडून पुन्हा सुरुवात करावी, कोणी मोजत नाही. माशांच्या किंवा कोळंबीच्या पास्त्यावर इटलीत सहसा चीज घालत नाहीत, त्यामुळे वेटरने किसणी पुढे केली नाही तर तो विसरला असे मानू नये. आधी येणारा पाव ऑलिव्ह तेलात बुडवून तोच संपवण्याचा मोह आवरावा, आणि एक तुकडा उरलेला सॉस पुसून घेण्यासाठी राखावा. इटलीत या कृतीला ‘स्कार्पेत्ता’ असे लाडके नाव आहे. चिली फ्लेक्स मागणे हा गुन्हा नाही, पण पहिला घास तरी त्यांच्याविना घ्यावा, असे माझे मत आहे.

बिल शांतपणे वाचावे. स्वतंत्र रेस्तराँमध्ये खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी असतो, तर खोलीचे दिवसाचे भाडे ७५०० रुपयांहून अधिक असणाऱ्या तारांकित हॉटेलातील रेस्तराँमध्ये तो १८ टक्के असतो. वाइनवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. म्हणून ते बिलात दिसल्यास काढून टाकण्यास सौम्य शब्दांत सांगावे आणि सेवा आवडली असल्यास स्वेच्छेने टिप ठेवावी.

उरलेला पिझ्झा बांधून घ्यावा, तो सकाळी तव्यावर चांगला लागतो. रिझोतोचा मात्र घरी पोहोचेपर्यंत गोळा होतो. तरी तो टाकून देऊ नये, कारण मिलानमध्ये शिळा रिझोतो लोण्यावर थापून खरपूस परततात, आणि फोडणीच्या भातावर वाढलेल्या माणसाला ही कृती वेगळी शिकवावी लागत नाही.